चावडीत गप्प राहिलेला कोष्टी

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं, आणि त्या गावात नारबा नावाचा एक कोष्टी राहत होता. माणूस भला होता, पण माग आणि घर सोडून तो कशात नसे.

गावाच्या वरच्या अंगाला एक तळं होतं. पूर्वी दर उन्हाळ्यात सारं गाव मिळून त्यातला गाळ काढी. मग कधीतरी ते बंद पडलं. तळं उथळ होत गेलं आणि चैत्रातच तळाशी चिखल दिसू लागला. पारावर रोज त्याची हळहळ व्हायची. हळहळून झालं की मंडळी घरी जायची.

त्याच गावात तुळसाक्का नावाची कासारीण होती. बांगड्या भरायला ती घरोघर जाई. एका उन्हाळ्यात तिनं प्रत्येक दारात निरोप ठेवायला सुरुवात केली. "उद्या सकाळी तळ्यावर या. येताना टोपली आणा, आणि भाकरी जरा जास्तीची आणा."

नारबा मागावरून मान वर न करता म्हणाला, "अक्का, मला कुठं सवड आहे?"

"एक दिवस ये. नाही आवडलं तर पुन्हा बोलावणार नाही."

तिला नाही म्हणवेना, म्हणून तो गेला. गाळाच्या टोपल्या हातोहात पुढं सरकत होत्या. रांगेत त्याच्या शेजारी नेमका तो तेली आला, ज्याच्याशी कुंपणावरून त्याचा अबोला होता. दुपारी सगळे करंजाच्या सावलीत जेवायला बसले, तेव्हा त्या तेल्यानंच त्याच्या भाकरीवर ठेचा वाढला. नारबाला मागावर एकटंच गुणगुणायची सवय होती. इथं त्यानं एक ओळ म्हटली आणि अख्ख्या रांगेनं ती उचलली. त्या दिवशी तो दुखत्या अंगानं घरी आला, आणि दुसऱ्या दिवशी न बोलावता गेला.

पुढं दर उन्हाळ्यात हेच चाललं. तळं पुन्हा काठोकाठ भरू लागलं. तुळसाक्का कौतुकानं म्हणायची, "बोलावते मी, पण लोक टिकतात ते नारबामुळं."

तळ्याच्या एका कडेला सांडवा होता. जास्तीचं पाणी त्यातून ओढ्याला जाई. त्या बाजूची जमीन गावच्या देसायांची. त्यांना तिथं आमराई करायची होती, म्हणून त्यांनी माती टाकून सांडवा बुजवून टाकला. तळ्याच्या बांधाखाली कोष्ट्यांची आळी होती. पाण्याला वाट मिळाली नाही तर ते बांध फोडून कुणाच्या घरात शिरेल, हे लहान पोरालाही कळत होतं.

तुळसाक्का देसायांकडं गेली. त्यांनी तिला गूळपाणी दिलं आणि हसून वाटेला लावलं. मग ती थेट सुभेदारांकडं गेली. सुभेदार म्हणाले, "मी गावात येतो. चावडीवर सगळ्यांसमोर विचारतो."

परतल्यावर ती नारबाकडं आली. "मी बोलेनच. पण मी वरच्या आळीतली. तुला काय धोका आहे, असं मला विचारतील. तुमच्या आळीतलं कुणीतरी बोलायला हवं. तू बोलशील?"

"हे काय विचारणं झालं, अक्का? मी तुझ्या शेजारी उभा राहीन," नारबा म्हणाला. ते तो मनापासून म्हणाला होता.

सुभेदार यायच्या आदल्या दिवशी देसायांचा कारभारी नारबाच्या ओसरीवर येऊन बसला. "धन्यांच्या लेकीचं लग्न ठरलंय. घरातल्या सगळ्या बायकांची लुगडी तुझ्याच मागावर विणायची, असं म्हणालेत ते." सांडव्याचा त्यानं शब्दही काढला नाही.

दुसऱ्या दिवशी चावडी माणसांनी भरली. तुळसाक्कानं सांडव्याची हकिगत नीट सांगितली. देसाई शांतपणे म्हणाले, "बाई उगीच घाबरवतेय. आळीतल्या कुणाची काही तक्रार आहे का, विचारा."

सुभेदारांनी विचारलं. कोष्ट्यांनी नारबाकडं पाहिलं. नारबानं जमिनीकडं पाहिलं.

"तू कोष्टी ना?" सुभेदार त्यालाच म्हणाले. "बाई म्हणते ते खरं आहे का?"

नारबा म्हणाला, "सरकार, मी माग चालवणारा माणूस. पाण्यातलं मला काय कळतंय?"

तो तिच्या बाजूनं बोलला नाही म्हणून आळीतलं कुणीच बोललं नाही. सुभेदारांनी तक्रार फेटाळली आणि ते घोड्यावर बसून निघून गेले. तुळसाक्का नारबाजवळून गेली, पण थांबली नाही.

त्या श्रावणात पाऊस हटेना. एका दुपारी नारबा देसायांचं लुगडं विणत बसला होता. मागाच्या खडखडाटात त्याला बाहेरचा ओरडा ऐकूच आला नाही. दार ढकलून तुळसाक्का आत आली. तिचं घर उंचावर होतं, तिथं पाणी कधीच पोचलं नसतं.

"बांधाला भगदाड पडलंय! ऊठ!"

तिनं त्याच्या म्हाताऱ्या वडिलांना धरून बाहेर काढलं. त्यांना पायरी उतरवत असतानाच भिजलेली भिंत खचली आणि तिचा उजवा हात दगडांखाली सापडला. आळीतला जीव एकही गेला नाही. माग मात्र, ज्यांत पाय सोडून कोष्टी विणायला बसत त्या खड्ड्यांसकट, गाळानं भरून गेले.

मग सुभेदार पुन्हा आले. आता सगळेच बोलत होते. नारबा सर्वांत पुढं होता आणि मोठ्यानं सांगत होता. सुभेदारांनी त्याला ओळखलं.

"पाण्यातलं कळत नाही म्हणालास, तो तूच ना?" त्यांनी विचारलं. नारबा मागं सरकून गर्दीत उभा राहिला.

सांडवा मोकळा झाला. तुळसाक्काचा हात मात्र बरा झाला नाही. बोटं मिटेनात. आणि बोटं मिटत नसतील तर दुसऱ्याच्या हातात बांगडी भरायची कशी? दिवाळीआधी ती आपल्या भावाच्या गावी निघून गेली.

नारबा तिला शोधत तिथं गेला. अंगणात ती डाव्या हातानं शेंगा निवडत होती. तो तिच्या पायाशी बसला. "अक्का, परत चल. माझं चुकलं."

"तुझ्यावर राग नाही रे," ती म्हणाली. "पण एवढी वर्षं मी दारोदार फिरले, कारण माझ्यामागं माणसं आहेत असं मला वाटायचं. चावडीत मी वळून पाहिलं. आता पुन्हा कुणाचं दार वाजवायचं बळ नाही माझ्यात."

तिनं त्याला जेवू घातलं आणि वेशीपर्यंत पोचवलं. यायचं मात्र कबूल केलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात नारबा स्वतः घरोघर गेला. लोक त्याचं ऐकून घेत, मान हलवत, आणि सकाळी मोजकेच येत. त्यांतल्या एकानं त्याला गायला सांगितलं. नारबानं तोंड उघडलं, पण गळ्यातून आवाज फुटेना. तो खाली वाकला आणि टोपली भरू लागला.

तात्पर्य एवढंच: गावाच्या कामात सगळ्यांबरोबर राबणं चांगलं, पण त्या कामासाठी कुणी एकटं उभं असेल, तेव्हा त्याच्या बाजूनं बोलायची वेळ एकदाच येते. ती गेली की नंतर कितीही राबलं तरी भरून येत नाही.