कुपाटीपलीकडची शिबाबाई

फार वर्षं झाली या गोष्टीला. तुमच्या आज्याची आजी तेव्हा रांगत असेल. नदीच्या काठाला कळंबथडी नावाचं गाव होतं, आजही आहे, आणि त्या गावात एक सुईण होती. बाप्तिस्म्याच्या वेळी तिचं नाव अलीशिबा ठेवलेलं. एवढं लांब नाव गावाच्या जिभेला कुठलं पेलतंय? लोक म्हणत शिबाबाई.

असं म्हणतात, की तिचा हात लागला की पोटातलं आडवं मूलसुद्धा लाजून सरळ व्हायचं. तोंडानं मात्र फटकळ. कळा देणाऱ्या बाईला धीर द्यायची आणि दाराशी घुटमळणाऱ्या नवऱ्याला सरपण फोडायला पिटाळायची. प्रार्थना करायची तीही उभ्या-उभ्या, कारण बसायला तिला सवड कधी मिळायची नाही.

एका उन्हाळ्यात मुलखात पटकीची साथ आली. सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळी उचलावा लागे. कळंबथडीनं ठरवलं, की वेस बंद करायची. बाभळीच्या काट्यांची पुरुषभर उंच कुपाटी गावाभोवती घातली गेली. साथ सरेपर्यंत बाहेरचा आत येणार नाही, आणि जो बाहेर गेला तो बाहेरचाच. गावाला नावं ठेवू नका. घरात लेकरं असली की कुणीही हेच केलं असतं.

नदीपलीकडे वडाऱ्यांची पालं पडली होती. रस्त्यासाठी खडी फोडायला आलेली माणसं ती. साथ आधी त्यांच्यात शिरली. काही गेली, उरलेली पालात पडून राहिली. एक दिवस त्यांच्यातली दुर्गव्वा नावाची म्हातारी कुपाटीपाशी आली, लांबच उभी राहिली आणि पदर पसरून म्हणाली, की सून कालपासून अडली आहे, कुणी सुईण असेल तर पाठवा.

सगळ्यांनी शिबाबाईकडे पाहिलं आणि लगेच नजर फिरवली. कारण तिची लेक रिबका बाळंतपणाला माहेरी आलेली होती. आधीची दोन बाळं जन्मताच गेलेली. हे तिसरं, आणि दिवस भरत आलेले. गावात दुसरी सुईण नव्हती. शिबाबाई बाहेर गेली तर रिबकाचं काय, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

पाळकबुवांनी तिला समजावलं. आधी लेक बघ, प्रभू जाणतो, तुला दोष लागणार नाही, असं ते म्हणाले. लेकीच्या तोंडाकडे बघायचं धाडस शिबाबाईला झालं नाही.

"पाळकबुवा," ती म्हणाली, "येवढंच सांगा. प्रभू कुपाटीच्या ह्या अंगाला हाय का त्या?"

पाळकबुवा भले माणूस. त्यांना खोटं बोलता येईना. त्यांनी खाली वाकून स्वतःच्या हातानं एक फांदी बाजूला ओढली आणि शिबाबाई बाहेर पडली. तिच्यामागे फांदी पुन्हा लागली.

त्याच दिवशी दुर्गव्वाची सून सुखरूप सुटली. पण शिबाबाईला तिथून निघवेना. पालापालांतून माणसं विव्हळत होती. तिनं चुली पेटवल्या. उकळल्याशिवाय पाणी कुणाच्या ओठाला लागू दिलं नाही. ज्वारीच्या कण्यांची पातळ पेज, त्यात मीठ, गुळाचा खडा, आणि ती घोटाघोटानं प्रत्येकाला पाजायची. दुर्गव्वा तिच्या मागेमागे.

धान्य आणायचं कुठून? आता आमच्याकडची रीत अशी, की दळायला बसण्याआधी घरधनीण एक मूठ देवाच्या मडक्यात टाकते आणि रविवारी ते मडकं चर्चमध्ये रितं होतं. त्या उन्हाळ्यात कुणा बाईच्या मनात आलं, आणि तिनं आपली मूठ फडक्यात बांधून कुपाटीवरून भिरकावली. दुसऱ्या दिवशी सगळ्या आळीनं तेच केलं, आणि दुर्गव्वा त्या पुरचुंड्या वेचून नदीपलीकडे नेऊ लागली. असं म्हणतात, की शिबाबाईच्या हंड्यातली पेज कधी सरलीच नाही.

माणसं उठून बसायला लागली, आणि मग शिबाबाईच आडवी झाली. हात उचलण्याचं त्राण उरलं नाही. नेमक्या त्याच वेळी गावात रिबकाला कळा सुरू झाल्या. मूल पायाळू. बायांनी पाहिलं आणि हातपाय गाळले.

"मला आईकडं न्या," रिबका म्हणाली.

तिचा नवरा शांतवन कुणाला विचारत बसला नाही. त्यानं उघड्या हातांनी कुपाटी उपसली. रिबकाला खाटेवर घातलं आणि चौघांनी खाट उचलली, त्यात चौथे पाळकबुवा. साऱ्या गावाच्या देखत खाट नदी ओलांडून गेली.

शिबाबाईला लेकीच्या शेजारी निजवलं. ती दुर्गव्वाला म्हणाली, "राखेनं हात धू. मी सांगते तसं कर."

"हे दगड फोडायचे हात, बाई."

"म्हनून तर. थरथरत न्हाईत."

शिबाबाई सांगत गेली, दुर्गव्वा करत गेली. बाळ आलं ते निळं, गप्प. दुर्गव्वानं त्याच्या तोंडात फुंकर घातली, पाठ चोळली, पुन्हा चोळली. आणि पोरगं असं रडलं, की गावापर्यंत ऐकू गेलं. असं म्हणतात, की त्या क्षणी चर्चची घंटा आपोआप वाजली. तुम्ही हसाल. पण घंटा वाजवणारे पाळकबुवा तर पालाबाहेर खाटेचा खूर धरून रडत बसले होते, मग वाजवली कुणी?

शिबाबाई त्या दुखण्यातून उठली. दुर्गव्वानं तिला घोटाघोटानं पेज पाजली. कुपाटीचे काटे गावानं पेजेच्या चुलींत जाळले, आणि कळंबथडीनं नंतर कधी कुंपण घातलं नाही. पुढं शिबाबाई पिकल्या वयाची होऊन गेली. तोवर तिनं किती परकी माणसं घरात घेतली, याची मोजदाद कुणी ठेवली नाही.

आजही कळंबथडीत बाळाचा बाप्तिस्मा असला, की आईबाप आधी बाळाला घेऊन वेशीबाहेरच्या रस्त्यावर उभे राहतात. जो पहिला अनोळखी माणूस येईल त्याच्या हातात बाळ द्यायचं. नाव, गाव, जात, धर्म विचारायचा नाही. तोवर उपासना सुरू होत नाही. कधी दुपार टळते, पाहुण्यांच्या पोटात कावळे कोकलतात, पण कुणी आत जात नाही.

मग कुणी ऊसतोड्या येतो, कुणी शेळ्या वळणारा, कुणी ट्रकवाला. तो गडबडतो. ओळख ना देख, आणि बाळ माझ्या हातात कसं देता, म्हणून विचारतो.

"आमच्या शिबाबाईचा नातू परक्याच्याच हातात आला, बाबा," म्हाताऱ्या सांगतात. "घे."

आणि तो माणूस, कुणीही असो, आधी आपले हात अंगावरच्या कपड्याला पुसतो आणि मग पुढे करतो.