अठरा सेकंदांचा हिरवा धूर

“...पण मग लाल रंग जातो कुठे, आपा?”

सुश्रुत बापटने परीक्षा घेतल्यासारखं हे विचारलं तेव्हा आपा तोरसकर वाळूवर ओढून ठेवलेल्या होडीच्या फळीवर बसून डाव्या हाताने चहा पीत होते. उजव्या पंजाला पट्टी होती.

“जातलो खंय?” आपा म्हणाले. “थंयच असता.”

सुश्रुत हसला. म्हाताऱ्याला विज्ञान समजावून सांगायची संधी तो सहसा सोडत नसे. पाणी आधी लाल रंग गिळतं, मग नारिंगी, मग पिवळा, असं त्याने सांगितलं. तीस फुटांवर लाल फडकंसुद्धा काळपट हिरवं दिसतं. म्हणून काही जण भिंगावर लाल काच लावून उतरतात, नाहीतर वर आल्यावर लॅपटॉपवर लाल वाढवून घेतात.

आपांनी सगळं ऐकून घेतलं. पन्नास वर्षं ते त्याच पाण्यात उतरत होते, पण तसं बोलून दाखवलं नाही.

मालवणच्या खालच्या अंगाला, खाडीच्या तोंडाशी आपांचं घर. तरुणपणी कंबरेला दोरी बांधून एका दमात बुडी मारायची आणि खडकाला चिकटलेली कालवं काढून आणायची, हा त्यांचा धंदा. पुढे पाठीवर हवेचा सिलिंडर आला आणि आपा पाहुण्यांना समुद्राचा तळ दाखवू लागले. एका हंगामात ते एकच शिष्य घेत. पाहुण्यांना स्वतःच्या जबाबदारीवर खाली न्यायची मोकळीक आपांनी शिष्याला दिली, की त्या किनाऱ्यावर पुन्हा त्याला कोणी काही विचारत नसे.

यंदाचा शिष्य पुण्याचा होता आणि हुशार होता. ती हुशारी त्याला स्वतःलाही चांगलीच ठाऊक होती.

पहिल्याच दिवशी त्याने तीन कॅमेऱ्यांची माहिती आपांसमोर पसरली होती. तिन्ही काड्यापेटीपेक्षा जरासे मोठे. एक पाणी अडवणाऱ्या वेगळ्या डबीशिवायच साठ फूट खाली जाणारा, दुसरा हात कितीही हलला तरी चित्र स्थिर ठेवणारा, तिसरा अर्धा समुद्र एका नजरेत घेणारा. यातला कुठला घेऊ, असं त्याने विचारलं.

आपांनी एकच गोष्ट विचारली होती.

“एका हातात धरून दुसरो हात मोकळो रवता काय?”

सुश्रुतला तो प्रश्न अडाणी वाटला. त्याने चित्र स्थिर ठेवणारा घेतला, वर त्याला दोन मुठींची चौकट आणि दोन दिवे जोडले. दोन्ही हात अडकले, पण चित्र इतकं शांत यायचं की बघत राहावं.

कॅमेऱ्याची सेवा मात्र त्याने मनापासून केली, हे कबूल करायला हवं. डबीच्या रबराच्या कडीवर वाळूचा कण, केस राहिला तर पाणी आत शिरतं, म्हणून ती कडी तो रोज पुसायचा. आत वाफ धरू नये म्हणून ओल शोषणाऱ्या पुड्या ठेवायचा. वर आल्याबरोबर गोड्या पाण्याच्या बादलीत त्याला न्हाऊ घालायचा. स्वतःचं डोकं पुसायची आठवण त्याला त्यानंतर व्हायची.

येत्या रविवारी सहा पाहुणे येणार होते. त्यांना आपणच खाली न्यावं, त्यांची फिल्म आपणच करावी, असं त्याच्या मनात होतं. तिथेच राहून हाच उद्योग करायचा त्याचा विचार पक्का झाला होता, पुण्यातल्या नोकरीचा राजीनामाही लिहून तयार होता. अडलं होतं ते फक्त आपांच्या होकारावर. आपा म्हणाले होते, आधी काय केलंस ते दाखव, मग बघू.

म्हणून तो काल आपांसोबतच्या बुडीत घेतलेली फिल्म घेऊन आला होता. चार मिनिटांची.

झावळांच्या मांडवात, सावलीला लॅपटॉप ठेवून दोघं बघू लागले. पिवळ्या पट्ट्यांचे मासे आले, गेले. वाळूत चपटं अंग पुरून बसलेला पाकट मासा दिसला, त्याचे डोळे तेवढे वर. पाकट बुजू नये म्हणून दिवे विझवून सुश्रुत त्याच्या इतका जवळ गेला होता की त्याचा श्वास दिसत होता. आपांनी मान हलवली. काम चांगलं होतं, आणि चांगल्याला वाईट म्हणायची आपांना सवय नव्हती.

मग शेवटचा प्रसंग आला.

चित्राच्या उजव्या कोपऱ्यातून हिरवा धूर उठला. काळपट हिरवा. वरून झिरपणाऱ्या उजेडात तो वळला, उलगडला, पाकटावरून संथपणे पसरत गेला. खाली सुश्रुतने हळुवार बासरी टाकली होती.

पूर्ण अठरा सेकंद.

हा प्रसंग त्याने रात्रीपासून अकरा वेळा पाहिला होता. बायकोला फोनवर दाखवला होता. एका स्पर्धेला पाठवायचं त्याने ठरवलं होतं, फक्त अर्जात त्या धुराचं नाव लिहावं लागणार होतं. माकूळ शाई सोडते तसं काही असेल, नाहीतर एखादं शेवाळ फुटलं असेल, असा त्याचा अंदाज होता.

“हे काय आहे, आपा?”

आपांनी डाव्या हाताचं बोट पडद्यावर ठेवलं.

“ह्येच्या आदी काय होता?”

काही नव्हतं, असं सुश्रुत म्हणाला. पाण्याला ओढ होती, चित्र हललं होतं, म्हणून तेवढा तुकडा कापला. हललेलं चित्र कोण बघतं?

आपांनी तो तुकडा मागितला. मूळ चित्रण होतंच. सुश्रुतने थोड्या नाराजीनेच ते लावलं.

पाकट. वाळू. मग लाटेची ओढ आली आणि चित्र मागे मागे सरकू लागलं. चित्र सरकतंय म्हणजे आपणच मागे ढकलले जातोय, हे सुश्रुतला आत्ता, बघताना कळलं. काल त्याचे डोळे त्या इवल्या पडद्यावर होते आणि हात दोन्ही मुठींवर.

टक.

आवाज बारीक होता, पण स्वच्छ. कोणीतरी त्याच्या सिलिंडरवर दगडाने वाजवत होतं.

टक... टक...

चित्राला हिसका बसला. मग पडद्यावर एक कोपर आलं. त्याचंच. ते रागाने मागे गेलं आणि सगळं चित्र एकदा थरारलं.

त्यानंतर धूर.

सुश्रुतला आठवलं. मानेमागे काहीतरी मऊ आलं होतं. ऐन मोक्याच्या क्षणी आपा लुडबुड करतायत, असं वाटून तो चिडला होता. मान मागे दाबून, कोपराने ढकलून त्याने ती अडचण दूर केली होती आणि पुन्हा चित्र स्थिर केलं होतं.

मागे काय होतं, ते त्याने वळून बघितलं नव्हतं.

“आता लाल परत घाल,” आपा म्हणाले.

त्याने रंगाची पट्टी सरकवायला घेतली. वाळू पिवळी झाली. पाकट तपकिरी झाला. कोपऱ्यातून त्याच्या पाठीमागे गेलेला खडक उजळला आणि त्याच्यावर उभी राहिलेली कालवांची पाती दिसू लागली, वस्तऱ्यासारखी धारदार.

आणि धूर लाल झाला.

सुश्रुतने हात मागे घेतला. मग पट्टी उलटी सरकवली. धूर हिरवा. पुन्हा पुढे. लाल.

तो हादरला. आपांच्या पंजावरच्या पट्टीकडे बघायचं धाडस त्याला होईना. काल होडीवर चढल्यावर त्याने त्या हाताला गुंडाळलेली चिंधी पाहिली होती. “लागलं का?” असं विचारलंही होतं. पण उत्तर यायच्या आत तो कॅमेरा बुडवायला बादलीकडे वळला होता. आणि रात्रभर त्या रक्ताखाली बासरी लावत बसला होता.

आपा उठून त्याच्या मागे आले. त्यांनी तो पट्टी बांधलेला पंजा त्याच्या मानेमागे टेकवला. नेमका तिथेच.

सुश्रुतला जाड पट्टीतूनही हाताची ऊब लागली. सात टाके होते, हे त्याला नंतर कळलं. दोन बोटं मिटत नव्हती, ते मात्र तेव्हाच जाणवलं.

“आपा... तुमचा हात मधे नसता तर ही माझी मान होती.”

आपांनी पंजा काढून घेतला.

“तुम्ही सांगितलं का नाही मला?”

“तीनदा सांगलंय,” आपा म्हणाले. “ता तू कापलंस.”

...

समुद्र समोरच होता, रोजच्यासारखा. रविवारचा विषय सुश्रुतने काढला नाही. तो काढायची हिंमतच उरली नव्हती. पाहुण्यांची सहा नावं त्याच्या खिशातल्या चिठ्ठीवर होती, आणि त्या प्रत्येकाला एक मान होती, एवढंच त्याला आता दिसत होतं.

एकाएकी त्याने दोन मुठींची ती चौकट उचलली. दिव्यांसकट, कॅमेऱ्यासकट. पाण्याच्या कडेपर्यंत गेला आणि हात मागे नेला. हे नको मला, असं काहीसं तो पुटपुटत होता, आणि रडतही होता.

आपांनी डाव्या हाताने त्याचं मनगट धरलं.

कॅमेरा चौकटीतून सोडवून त्यांनी आपल्या हातात घेतला. भिंगावर वाळू उडाली होती. लुंगीच्या टोकाने ती हळूच पुसली.

“ह्येका कित्याक फेकतंस?” ते म्हणाले. “काल खाली बगणारे दोगेच होतंव... मी आनि ह्यो.”