दांडगोबाची कबुली

सात समुद्रांपलीकडच्या एका रानात प्राणी मतं देऊन आपला अध्यक्ष निवडत, त्या काळची ही गोष्ट. दांडगोबा अस्वल अध्यक्ष झाला आणि घरोघरी फुकट अक्रोड येऊ लागले. ते येतात कुठून, हे कुणीच विचारलं नाही. झिपरी खार तर दांडगोबाचं नाव घेतल्याशिवाय घास तोंडात घालत नसे.

एक दिवस बोभाटा झाला, की अध्यक्षांनी रानाच्या कोठारातला मध चोरून एका कोल्हिणीला दिला. सगळं रान चौकात लोटलं. दांडगोबा गरजला, "मी त्या बाईला ओळखतसुद्धा नाही!" पण त्याच्या पंजावरून मध ओघळत होता. मान खाली घालून झिपरी घरी निघाली.

घरी येऊन पाहते तो काय! तिच्या झाडावर नदीपलीकडचे कावळे बसलेले, आणि तिची पिल्लं खाली गवतात थरथरत होती.

"बाई, हे झाड आता आमचं," म्होरक्या कावळा म्हणाला. "तुम्ही खाल्लेले अक्रोड आमचे होते. तुमच्या अध्यक्षाने ते उसने आणले आणि त्यापायी रानातली सगळी झाडं गहाण ठेवली."

झिपरी धावत चौकात आली. "अहो, ऐका! आपली झाडं चालली!"

दोन-चार माना तिच्याकडे वळल्या. दांडगोबाने ते पाहिलं मात्र, आणि तो दगडावर चढून छाती पिटत ओरडला, "हो, हो! मध मीच चोरला!"

एकच गदारोळ उठला. वळलेल्या माना पुन्हा फिरल्या. झिपरी ओरडतच राहिली, पण तिचा आवाज तिलासुद्धा ऐकू येईना.