तांदूळ वाढले

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा राजवाड्यातही चुलीवरच रांधलं जाई, आणि छपरातून निघणाऱ्या धुरावरून कुणाच्या घरी काय शिजतंय हे साऱ्या गावाला कळे.

डोंगरांच्या कुशीत एक लहानसं राज्य होतं. तिथला राजा तरुण होता. लहानपणीच त्याला शिकायला दूरदेशी पाठवलं होतं. तिथे तो ताऱ्यांचं गणित शिकला, न्याय शिकला, परक्या भाषा शिकला. वडील गेले तेव्हा तो परत आला आणि गादीवर बसला. येताना मनात एकच ध्यास घेऊन आला होता. माझ्या राज्यात कुणीही उपाशी झोपता कामा नये.

नेमका त्याच वर्षी पाऊस रुसला. भात पोटरीला आला आणि उभ्याउभ्या वाळून गेला.

राजवाड्यामागे एक मोठं कोठार होतं. थोरल्या महाराजांनी ते वर्षानुवर्षं भरत आणलं होतं. किल्ली म्हाताऱ्या प्रधानांच्या कमरेला असे.

"कोठार उघडावं म्हणतो," राजा म्हणाला.

"घाई नको, महाराज," प्रधान म्हणाले. "एकदा रिकामं झालं की पुन्हा भरायला एक पिढी जाते. उद्या शत्रू चालून आला तर? लोकांची घरं खरोखरच रिकामी झाली असतील तर उघडू. नाहीतर कुलूप राहू द्या."

"ते मी स्वतःच्या कानांनी ऐकून येतो," राजा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साधं धोतर नेसून, डोक्याला मुंडासं बांधून राजा एकटाच निघाला. फिरत फिरत कुंभारआळीत आला. एका घराच्या परसामागे त्याच्या पायात काटा मोडला. तो काढायला राजा खाली बसला, तोच कुडापलीकडून दोन बायकांचं बोलणं कानावर आलं. एक होती त्या घरातली कुंभाराची सून, दुसरी शेजारची माळीण.

"माळीणवहिनी, आमचे तांदूळ वाढले हो."

"अगं बाई, तुमचेही? आमची डाळ तर परवाच वाढली. पीठही वाढत आलंय."

"वरच्या घरी म्हणे तेलसुद्धा वाढलं."

"वाढणारच. हे वर्षच तसलं आहे. सगळ्यांचंच वाढणार."

जाणत्यांनो, तुम्हाला इथे काही कळलं असेल तर मनातच ठेवा. शेजारी बसलेल्या लहानग्यांना एवढ्यात सांगू नका.

राजा पायातला काटा विसरला. त्याच्या अंगावर काटा उभा राहिला. दुष्काळाच्या वर्षी या आळीतलं धान्य वाढतंय! त्याने कुडावरून हळूच पाहिलं. सारवलेलं अंगण, त्यावर रेघ न चुकलेली रांगोळी, छपरातून वर चढणारा धूर. त्याने तिथेच हात जोडले.

"प्रधानजी, चमत्कार झाला!" वाड्यात पाऊल ठेवताच तो म्हणाला. "कुंभारआळीत घरोघरी धान्य दुणावतंय. माझ्या कानांनी ऐकलं."

पाहा, 'वाढले' हा बायकांचा शब्द राजाने सांगितलाच नाही. त्या जागी स्वतःचा शब्द घातला. तो मूळचा शब्द ऐकला असता तर त्याच मातीत म्हातारे झालेले प्रधान चटकन सावध झाले असते. पण 'दुणावतंय' म्हटल्यावर ते तरी काय बोलणार?

"डोळ्यांनीही पाहून घ्यावं, महाराज," एवढंच ते म्हणाले.

"पाहणार आहेच. उद्या दुपारी आपण त्याच घरी जेवू. आणि हे खरं निघालं तर कोठाराचं कुलूप काढायचं नाही. जिथे देव वाढतोय, तिथे राजाने मध्ये हात कशाला घालायचा?"

निरोप कुंभाराच्या घरी पोहोचला तेव्हा सून चुलीपुढे बसली होती. चुलीवर भांडं होतं, भांड्यात नुसतं पाणी होतं. आळीत सगळ्याच घरी असं पाणी उकळत असे, धूर दिसावा म्हणून. नवरा भट्टीवर होता आणि मुलं पाण्याकडे बघत बसली होती.

"राजा जेवायला येतोय," सासूबाई म्हणाल्या. "काय वाढशील त्याला? माझं डोकं?"

सुनेने चुलीत आणखी एक काटकी सारली.

"सांग, घरात सुतक आहे म्हणून."

"सासूबाई! कुणाचं?"

"माझं. मी पांघरूण घेऊन पडते. राजा जाईपर्यंत हलायची नाही."

सुनेला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरले. "दारी येणाऱ्याला नाही म्हणायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत ना मला?"

"शिकवलं तेव्हा मडकी भरलेली होती गं," म्हातारी म्हणाली आणि तोंड फिरवून बसली.

इतक्यात मागच्या दारी पाऊल वाजलं. माळीण होती. पदराखाली तांदळाचं गाठोडं होतं. लेकीचे दिवस भरत आले होते, तिच्या बाळंतपणासाठी राखलेले ते वासाचे तांदूळ होते. "आळीची अब्रू आहे," ती म्हणाली, "तुझ्या एकटीची नाही." तिच्या मागून कुणी पेरणीसाठी ठेवलेले कुळीथ आणले, कुणी नाचणीचं पीठ. कुणी मूठभर डाळ आणली, कुणी पळीभर तेल. कुणी ताकाचं गाडगं आणलं, कुणी छपरावर राखून ठेवलेला भोपळा. एका घरात काहीच नव्हतं, त्यांनी शेवग्याचा पाला ओरबाडून आणला. आणि जिच्या दारी शेवगाही नव्हता अशा एका म्हातारीने हिंगाची रिकामी डबी आणून दिली. "धुऊन घे," ती म्हणाली, "वास उरलाय अजून."

पुढचं सांगताना मला हात जोडावेसे वाटतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सून चुलीपुढे बसली, आणि त्या नसल्यासारख्या वस्तूंना तिने हात लावला. डाळ शिजली तशी घट्ट डाळीचं वरण झालं आणि वरच्या पाण्याचं आमसूल घालून सार झालं. भोपळ्याचं भरीत झालं, त्याच्या सालींची चटणी झाली. कुळथाचं पिठलं रटरटलं. शेवग्याचा पाला कढईत पडला, बसला, मऊ झाला. नाचणीची भाकरी तव्यावर टम्म फुगली, जणू तिच्या पोटात कुणी श्वास भरला. ताकाची कढी उतू जायला आली आणि तिने ती नुसत्या पळीच्या फिरवण्याने थांबवली. मग पळीभर तेल तापलं. त्यात मोहरी तडतडली, हिंगाच्या डबीचं पाणी पडलं, आणि तो वास आळीभर गेला. भट्टीवरचे कुंभार हातातलं काम टाकून उभे राहिले. ज्यांच्या घरून दाणा दाणा गेला होता, त्याच बायका कुडाआड उभ्या राहून म्हणाल्या, "आपण एवढं दिलं होतं?"

एवढं नव्हतंच दिलं. तेच तर नवल.

राजा आला, पाटावर बसला. शेजारी प्रधान बसले. पळसाच्या पत्रावळीवर मीठ आलं, चटणी आली, भाजी आली. भाताची मूद आली, तिच्या माथ्यावर पिवळं वरण आलं. राजाने पहिला घास घेतला.

दूरदेशी तो मोठमोठ्या पंगतींत जेवला होता. तिथल्या अन्नाने त्याचं पोट भरलं होतं. या घासाने मात्र त्याच्या आत कुठेतरी एक दार उघडलं. लहानपणी कुणीतरी त्याला मांडीवर घेऊन भरवत असे, त्या हाताची त्याला आठवण झाली. चेहरा आठवला नाही, हात आठवला. तो बराच वेळ मान खाली घालून जेवत राहिला.

"अजून वाढू, महाराज?" सुनेने विचारलं.

"वाढा!" राजा म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "आई, तुमच्या घरात देव राहतो. आता मला काळजी नाही. प्रधानजी, ऐकलंत? कोठाराला कुलूप तसंच राहू द्या. या लोकांना त्याची गरज नाही."

सुनेच्या हातातली पळी थांबली.

कोठार उघडायचा विचार होता, हे तिला आत्ता कळलं. आणि आपण इतकं सुग्रास रांधलं म्हणून ते बंद राहणार, हेही कळलं. तिने सासूबाईंकडे पाहिलं. म्हातारीने डोळ्यांनीच खुणावलं, गप्प राहा. घराची अब्रू आहे.

तिने कुडाकडे पाहिलं. फटीतून माळीण दिसत होती, आणि माळणीच्या शेजारी तिची दिवस भरत आलेली लेक.

एक शब्द असा होता, जो त्या सुनेने जन्मात कधी उच्चारला नव्हता. तिच्या आईने नाही, आजीनेही नाही. तो शब्द घरात बोलायचा नाही, हे तिला पाळण्यातच शिकवलं होतं. तिने पळी खाली ठेवली. हात जोडले.

"महाराज," ती म्हणाली, "तांदूळ संपले."

कुडाआड कुणीतरी तोंडावर हात दाबला. प्रधानांचा घास पानाजवळच थांबला. त्यांना क्षणात सगळं उमगलं.

"संपले?" राजा म्हणाला. "पण काल तुम्हीच म्हणालात ना, तांदूळ वाढले! मी कुडाआडून ऐकलं."

"अरे लेकरा!" म्हातारी न राहवून बोलली, मग जीभ चावली. "महाराज, बांगडी फुटली तर आम्ही बांगडी वाढली म्हणतो. तसंच तांदळाचं. 'संपलं' म्हटलं की लक्ष्मी ऐकते आणि उंबऱ्याबाहेर पाऊल टाकते. म्हणून मडक्याचा तळ लागला, की तांदूळ वाढले म्हणायचं."

"मग हे सगळं अन्न?"

"आळीचं," सून म्हणाली. "हा भात माळीणवहिनींच्या लेकीच्या बाळंतपणाचा. हे कुळीथ पेरणीचे. आता कुणाकडे काही नाही, महाराज."

राजाने पानाकडे पाहिलं. अर्धी मूद तशीच होती. तो उठू लागला.

"बसा!" म्हातारी ओरडली. "राजे असलात म्हणून काय झालं? पानावरून अर्धं उठायचं नाही. लोकांनी तोंडचं काढून दिलंय ते."

राजा बसला. शीत न् शीत त्याने खाल्लं. इतका जड घास त्याने कधी गिळला नव्हता, आणि इतका गोडही. मग हात धुऊन त्याने प्रधानांपुढे हात पसरला. प्रधानांनी कमरेची किल्ली काढून दिली.

सून मात्र रडत होती. "माझ्या तोंडून तो शब्द गेला. आता लक्ष्मी गेली असेल."

"गेली खरी," राजा म्हणाला. "पण ती माझ्या कोठाराकडे गेली आहे. चला, तिच्या मागोमाग जाऊ."

त्याच दुपारी कोठार उघडलं. कुंभारांच्या अंगणात मोठाली मडकी चढली, साऱ्या आळीची पंगत बसली, आणि राजाने कंबर बांधून पळी हातात घेतली. त्याला वाढता येत नव्हतं. एकीच्या पानात त्याने डोंगर रचला, दुसरीच्या पानात नुसता ओघळ पडला.

"पान बघून वाढावं, महाराज!" सासूबाई पंगतीतून ओरडल्या, आणि दुष्काळात पहिल्यांदाच ती आळी खदखदून हसली.

मग रोज गाड्या निघू लागल्या, गावोगावी जाऊ लागल्या. पुढचा पाऊस येईपर्यंत राज्यात एकही चूल नुसत्या पाण्याखाली पेटली नाही. शेवटी एके दिवशी कोठारावरचा म्हातारा कारभारी दरबारात आला. पडलेल्या चेहऱ्याने उभा राहिला. तो शब्द त्याच्याही तोंडून निघेना.

"महाराज," तो हळूच म्हणाला, "कोठार वाढलं."

राजाने त्याच्याकडे पाहिलं, आणि तो समाधानाने हसला. "छान झालं," तो म्हणाला. "झाडून सारवून ठेवा."

त्या वर्षी पाऊस मनासारखा झाला. भात झोडून झाला. राजाने दवंडी पिटली नव्हती, कुणाकडे काही मागितलंही नव्हतं. तरी लोक येऊ लागले. माळणीची लेक कडेवर मूल घेऊन आली, तिने ओंजळभर वासाचे तांदूळ आणले. तिच्या मागे कुंभारआळी आली, मग दुसऱ्या आळ्या, मग दूरची गावं, डोक्यावर टोपल्या घेऊन. जे भरायला एक पिढी जाईल असं प्रधान म्हणाले होते, ते एका सुगीत दारापर्यंत भरलं. दार लागेना. बाहेर चटई अंथरावी तर धान्य तिच्याही कडांवरून सांडू लागलं.

म्हातारा कारभारी धापा टाकत दरबारात शिरला. "महाराज! कोठार वाढलं!"

"कसं वाढलं?" राजाने विचारलं. "त्या दिवशीसारखं?"

म्हातारा बोलायला गेला, पण त्याला हसू आवरेना आणि रडूही आवरेना. त्याने नुसतेच दोन्ही हात आभाळाकडे उचलले.

प्रधान हळूच म्हणाले, "महाराज, त्या दिवशी कुडाआड तुम्ही चुकीचं ऐकलं नव्हतं. फक्त जरा लवकर ऐकलंत."

त्या राज्यात बायका अजूनही 'तांदूळ वाढले' असंच म्हणतात. पण आता ते ऐकणारी शेजारीण नुसती हळहळत नाही. ती आत जाते आणि भरलेली वाटी घेऊन बाहेर येते.

जे दुसऱ्याच्या पानात वाढलं जातं, तेच वाढतं.