रिकामा पाट

पूर्वी चंपानगरीत राजा भद्रसेन राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका माहुताच्या कुळात जन्मला आणि मोठेपणी हत्तींचा शिक्षक झाला. रानातून धरून आणलेले हत्ती तो माणसाळवी आणि माहुतांच्या मुलांना ती विद्या शिकवी. इतर शिक्षक नव्या हत्तीला लाकडी खोड्यात अडकवून उपाशी ठेवीत आणि अंकुशाने टोचून टोचून नमवीत. बोधिसत्त्व हत्तीचे कान बघे. भीतीने कान हलायचे थांबले, की मागे सरे. वेळ लागे, पण त्याच्या हत्तीच्या अंगावर व्रण नसे. हे तो धनक नावाच्या माहुताकडून शिकला होता.

धनकाचे नाव मात्र नगरात कोणी उच्चारत नसे. भद्रसेन युवराज असताना एका उत्सवात त्याने माजावर आलेला हत्ती मिरवणुकीत आणायला लावला. धनकाने पाय धरले, ‘आज नको’ म्हणून विनवले. त्याच्या हाताखाली शिकणारा बोधिसत्त्व तेव्हा तिथेच उभा होता. युवराज ऐकेना. ढोल वाजले, हत्ती बिथरला आणि युवराजाचा धाकटा भाऊ पायदळी गेला. राजपुत्राची चूक कोण काढणार? वड्याचे तेल वांग्यावर निघाले आणि धनकाला वेशीबाहेर हाकलले.

पुढे हस्तिशाळेचे वृद्ध आचार्य वारले आणि त्यांच्या जागी राजाने बोधिसत्त्वाला निवडले. हस्तिशाळेत आचार्याचा शब्द शेवटचा. आसनावर बसताच सगळे खोडे जाळायचे, असे बोधिसत्त्वाने ठरवून टाकले. तेव्हाच एक नवी धरलेली हत्तीण खोड्यात उभी होती. साखळ्यांनी तिचे पाय सोलून निघाले होते. त्याची चाहूल लागली की ती सोंड पुढे करी.

पण आसनावर बसण्याआधी एक रीत पाळावी लागे. आपल्याला ज्यांनी घडवले त्यांना सभेत पाटावर बसवून नव्या आचार्याने त्यांचे पाय धुवायचे. जे हयात नसतील त्यांच्या नावाने पाण्याची ओंजळ सोडायची.

या विधीच्या दिवशी सकाळी बोधिसत्त्वाचा पट्टशिष्य पिंगल त्याच्याकडे आला. “आचार्य, हत्ती गेला, शेपूट राहिलंय. एका नावापायी अडू नका. धनकांना मेलेलं समजा आणि मनातल्या मनात नाव घेऊन ओंजळ सोडा.”

“जित्या माणसाच्या नावानं पाणी सोडू?”

“त्यांना कोण सांगायला जातंय?”

बोधिसत्त्वाने अंगावर उपरणे घेतले आणि तो सभेकडे निघाला.

सभेत त्याने आधी आपल्या मामाचे पाय धुतले. हत्तीवर चढायला त्यांनीच शिकवले होते. मग खेमा नावाच्या रानातल्या म्हातारीचे पाय धुतले. जखमांवर लावायच्या साली तिने ओळखायला शिकवल्या होत्या. दरबाऱ्यांनी नाके मुरडली, पण कोणी आडवे आले नाही. मग त्याने आणखी एक पाट मांडला. त्यावर कोणीच बसले नाही. बोधिसत्त्व त्या रिकाम्या पाटापुढे वाकून पाणी घालू लागला.

“हा पाट कुणाचा?” राजाने विचारले.

“माझ्या गुरूंचा, धनकांचा. त्यांना वेशीच्या आत यायची मनाई आहे, महाराज.”

राजाचा चेहरा उतरला. त्या उत्सवात पाय कोणी धरले आणि कोणी ऐकले नाही, हे सभेत दोघांनाच ठाऊक होते.

“चुकून मांडला असशील,” राजा सावकाश म्हणाला. “तसं म्हण आणि बस आसनावर.”

बोधिसत्त्वाच्या डोळ्यांपुढे हत्तीण आली. एक शब्द बोलला की ती सुटणार होती. आणि बोलायला जाते काय? लोक याहून थोडक्यासाठी बापालाही ओळख दाखवत नाहीत. त्याचे ओठ उघडलेही. पण ज्याने हे हात घडवले त्यालाच चूक म्हणायचे आणि तेच हात तिच्या पाठीवरून फिरवायचे, हे त्याला जमेना.

“चुकून नाही मांडला, महाराज,” तो म्हणाला.

त्याच सभेत आसन पिंगलाला मिळाले. पिंगलाने एकच पाट मांडला, राजाला बसवले आणि म्हणाला, “मला घडवलं ते महाराजांनीच.” त्याला मुळाक्षरांपासून शिकवणारा बोधिसत्त्व तोवर सभेच्या दाराशी पोचला होता. सभेने वाहवा केली. गरज सरो, वैद्य मरो, दुसरे काय! खोडे राहिले, आणि अंकुशांना नवी धार लागली.

बोधिसत्त्व वेशीबाहेर धनकाच्या झोपडीत गेला. म्हातारा आंधळा झाला होता. सगळे ऐकून तो आपल्याला छातीशी धरील, असे बोधिसत्त्वाला वाटले होते.

“हत्तीण सुटली का?” धनकाने विचारले.

“नाही.”

“मग कशाला रे घेतलंस माझं नाव? माझे पाय धुतल्यावाचून काय अडलं होतं? तुझं मन मोकळं झालं, आणि ती तिकडं उभीच आहे.”

बोधिसत्त्वाला ते फार लागले. त्या हिवाळ्यात हत्तीण खोड्यातच मेली. तो धनकापाशी राहिला आणि शेवटपर्यंत त्याची सेवा केली. लाकडे ओढणाऱ्या हत्तींचे माहूत त्याच्याकडे शिकायला येत. त्यांना तो आधी सांगे, हे मला धनकांनी शिकवले. पिंगल हत्तीच्या पायाखाली सापडला, असे तुम्हाला ऐकायचे असेल. तसे काही झाले नाही. तो मानमरातबात जगला आणि आपल्या अंथरुणात मेला.

‘मी कोणाकडून काही शिकलो नाही’ असे भिक्षू चित्रक भर संघात म्हणाला होता, म्हणून संघाच्या गुरूंनी, शास्त्यांनी, ही कथा सांगितली. ती संपवून ते म्हणाले, “तेव्हाचा पिंगल म्हणजे हा चित्रक. तेव्हा संघात त्याची वाहवा करणारा गृहस्थ, तो राजा. चित्रकाला शिकवून आज मागे एकटे बसलेले स्थविर धम्मिल, ते धनक. आणि तो शिक्षक मी होतो.”

“आणि ती हत्तीण, भगवन्?” कोणीतरी विचारले.

शास्ता म्हणाले, “तिला मी अजून शोधतो आहे. भिक्षूंनो, गुरूचे नाव न लपवणे, याला कृतज्ञता म्हणतात. तिची किंमत कधी कधी दुसराच कोणी मोजतो, आणि तरीही ती सोडता येत नाही.”