मधलंच जहाज

नकाशात जहाज मधूनच कापलेलं होतं, आणि हे महाराजांना सांगायची कुणाची छाती होत नव्हती.

खाडपूरच्या रणधुरंधरराजांनी जहाज बांधायचा तो नकाशा एका परदेशी खलाशाकडून बोटातली हिऱ्याची अंगठी देऊन घेतला होता. राज्य म्हणाल तर एवढंसं, की राजवाड्यातला कोंबडा आरवला की चारही सीमांवरची माणसं उठायची. पण समुद्र होता ना! समुद्र आहे तर जहाज हवं, आणि जहाजाआधी त्याचा लाकडी नमुना हवा. राजांनी थालीपीठ खाता खाता नकाशा पाहिला, त्याच्या दोन्ही कडांना लोण्याची बोटं लावली आणि धाकू मेस्त्रीला बोलावणं धाडलं.

मेस्त्री आला. मागून हत्यारांची पेटी सांभाळत त्याची लेक आवडी आली. मेस्त्रीने नकाशावर या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरवलं.

"सरकार, हे अख्खं जहाज नाही," तो म्हणाला. "आतल्या फासळ्या दिसाव्यात म्हणून मधला तुकडा तेवढा काढलाय. दुधीची फोड करतात तशी. याला पुढचं तोंड नाही, मागची बाजू नाही. दोन्हीकडून उघडं आहे."

दिवाण विसोपंत छतावरची जळमटं मोजू लागले. हिऱ्याची अंगठी एका फोडीपायी गेली, हे राजांच्या ध्यानात आलं. पण चूक कबूल करायची रीत त्यांच्या घराण्यात नव्हतीच.

"आम्हाला ठाऊक आहे," राजे गुरगुरले. "आम्हाला फोडच हवी आहे. नकाशाबरहुकूम, रेघेला रेघ. जास्तीची एक फळी लावायची नाही. आणि आठ दिवसांनी ती पाण्यावर तरंगली पाहिजे. आत एक थेंब दिसला, तर तुझी पेटी जप्त."

त्या पेटीत मेस्त्रीच्या आजोबांचा लाकूड तासायचा वाकस होता आणि वडिलांच्या पटाश्या होत्या. ती गेली तर मेस्त्रीने पोट कशावर भरायचं? वाड्याबाहेर पडेपर्यंत बिचारा रडकुंडीला आला.

"बाबा, तोंड उघडायची काय गरज होती?" आवडी चिडली.

"लाकडाच्या कामात मला खोटं बोलता येत नाही गं."

"मग आता बसा."

पण तिलाच बसवेना. चालता चालता ती नकाशा उलटसुलट करून बघत होती. पागेपाशी ती थबकली. तिथे राजांचा आवडता घोडा बादल लांबलचक दगडी डोणीतलं पाणी पीत उभा होता. आवडीने दोरी काढून डोणीची रुंदी मापली. बादलने तिच्याकडे संशयाने बघितलं.

"बाबा, नमुना केवढा करायचा ते नकाशात लिहिलंय?"

"नाही. ते आपल्या मर्जीवर."

"मग पुढून मागेपर्यंतची लांबी या दोरीएवढी धरा. केसभर कमी."

"का गं?"

"तुमच्याने खोटं बोलवत नाही ना? मग तुम्हाला न सांगितलेलंच बरं."

आठव्या दिवशी सकाळी राजे लवाजम्यासह तलावाच्या काठावर जाऊन बसले. आवडीने निरोप धाडला, की जहाज पागेत आहे. राजे तणतणत पागेत आले. मेस्त्रीने नमुना मात्र असा केला होता, की फासळी न् फासळी नकाशातून उचलून ठेवल्यासारखी. आवडीने त्याच्या दोन्ही उघड्या कडांना बोटभर लोणी थापलं.

"थांब!" राजे ओरडले. "नकाशात लोणी कुठे आहे?"

आवडीने नकाशा पुढे धरला. दोन्ही कडांवर पिवळट डाग होते. "रेघेला रेघ म्हणालात, सरकार. आम्ही डागाला डागही केला."

विसोपंतांना एकदम खोकला आला.

आवडीने नमुना डोणीत आडवा सोडला. उघड्या बाजू डोणीच्या दोन भिंतींना जाऊन टेकल्या, फटी लोण्याने बुजल्या. डावीकडे पाणी, उजवीकडे पाणी, आणि आत ठणठणीत कोरडं. मेस्त्री तोंडाचा आ करून बघतच राहिला.

"हे तरंगत नाही, अडकलंय," राजे म्हणाले.

आवडीने बादलचा दोर सोडला. मुद्दाम रात्रीपासून तहानलेला ठेवलेला घोडा, त्याने डोणीत जे तोंड घातलं ते बाहेर काढेना. पाणी चार बोटं उतरलं. लोण्यावरून घसरत जहाजही चार बोटं उतरलं आणि डुलत राहिलं.

"ओहोटी लागली, सरकार," आवडी म्हणाली.

राजांच्या मिशा थरथरल्या. हसू दाबत ते म्हणाले, "ते काही नाही. तलावात सोड. आम्ही पाण्यावर म्हणालो होतो, डोणीत नाही!"

"नकाशात बघावं, सरकार. जहाजाच्या डावीकडे निळी रेघ आहे, उजवीकडे आहे. पुढे आणि मागे पाणी काढलंय का?"

राजांनी नकाशा डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला. नव्हतं.

"तलावात पुढचं पाणी असतं, मागचंही असतं. ते मी नकाशाबाहेर कुठून आणू? मधलं जहाज सांगितलंत, त्याला मधलं पाणी दिलं. अख्खं पाणी हवं असेल, तर अख्खं जहाज सांगावं."

आणि मग राजे हसले. इतके हसले, की पागोटं डोणीत पडलं आणि तेही जहाजाच्या बाजूला तरंगू लागलं.

"मेस्त्री, पेटी तुझी तुला," ते डोळे पुसत म्हणाले. "उद्यापासून अख्खं जहाज बांधायला घे, लाकूड आमच्या रानातलं. आणि पोरी, तुला हा आमचा जरीचा शेला."

आवडीने पदर पसरला, पण मान वर करून विचारलं, "अख्खा ना, सरकार? की मधलाच?"

राजे पुन्हा हसत सुटले आणि शेल्यावर त्यांनी आपल्या गळ्यातला कंठाही ठेवला, अख्खा.