ढालकऱ्याने ढाल दिली

फार फार जुन्या काळी, एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावाला पाणी पुरवणारा झरा डोंगरातल्या खोल गुहेतून येई. त्या गुहेत अस्वलांची वस्ती होती, म्हणून झऱ्याचा गाळ काढायला दरसाल गावातले ठरलेले चौघेच आत जात. सर्वांत पुढे ढालकरी, त्याच्या खांद्याशी मशालजी, मग पहार घेतलेला पाथरवट, आणि शेवटी औषधांचा बटवा सांभाळणारी वैदीण.

ढालकरी माणूस भला, पण मानी. वीस वर्षं तो पुढे उभा राहिला होता. मी आहे म्हणून हे तिघं जिवंत परततात, असं त्याला मनातून वाटे.

एका उन्हाळ्यात गुहेत मोठा दगड कोसळला आणि झऱ्याची वाट बुजली. गावातलं पाणी संपत आलं, गुरं हंबरू लागली. चौघे निघाले.

आत शेवाळलेल्या खडकावर ढालकऱ्याचा पाय घसरला. ज्या हातानं तो ढाल धरी, तो डावा हातच मनगटात मोडला. वैदिणीनं हात फडक्यानं गळ्यात बांधला आणि ढाल मागितली. त्यानं ऐकलं नाही. ढाल उजव्या हातात घेऊन तो पुन्हा पुढे झाला. बाकीचे मागोमाग चालू लागले.

पाथरवटानं दगडाला पहार लावली. त्या आवाजानं आतल्या बाजूला पिल्लाजवळ बसलेली अस्वलीण उठली आणि धावून आली. सवय नसलेल्या हातातली ढाल डगमगली. पंजा बाजूनं आत आला आणि पाथरवटाची मांडी फाडून गेला. मशालजीनं जाळ पुढे केला, तेव्हा कुठे ती चार पावलं मागे सरली आणि तिथेच गुरगुरत उभी राहिली.

पाथरवट खाली बसला. रक्त थांबेना. तरी त्यानं ढालकऱ्याला एका शब्दानंही दोष दिला नाही, आणि तेच ढालकऱ्याला फार लागलं.

"ढाल सोडली तर मी कोण उरतो, बाई?" त्यानं वैदिणीला हळूच विचारलं.

"आमचा माणूस उरता, दादा," वैदीण म्हणाली. "वीस वर्षं मागे उभी राहून मी तुमचे पाय पाहत आले आहे. ते कुठे आणि कसे रोवायचे, मला ठाऊक आहे. तुम्ही जखम बांधा. कशी, ते मी सांगते."

त्यानं ढाल दिली. मशालजीनं मशाल कपारीत खोचली आणि पहार उचलली. दगडाची भेग कुठून धरायची, ते पाथरवट बसल्या जागेवरून दाखवू लागला. आणि ढालकरी एका हातानं बटव्यातला पाला चुरून जखमेवर दाबू लागला, पट्टीचं एक टोक दातात धरून गाठ आवळू लागला.

अस्वलीण पुन्हा आली. ढालीवर पंजा बसला, पण वैदिणीचे पाय हलले नाहीत. ढालकऱ्यानं मान वर करून पाहिलं. उभ्या जन्मात पहिल्यांदाच त्याच्यापुढे कुणीतरी उभं होतं. त्याचे डोळे भरून आले, पण गाठ त्यानं सोडली नाही.

अखेर दगड दुभंगला. पाणी उसळून आलं, तशी अस्वलीण पिल्लाला घेऊन आतल्या कोरड्या कपारीकडे निघून गेली. पाथरवटाला आधार देत सगळे बाहेर आले.

गावाची रीत अशी, की झऱ्याच्या पाण्याचा पहिला मानाचा तांब्या ढालकऱ्याला द्यायचा. त्यानं तो वैदिणीपुढे धरला आणि तिघांपुढे मान लववली.

"दुसऱ्याच्या ढालीमागे बसायला केवढा विश्वास लागतो, ते मला आज कळलं," तो म्हणाला. "तुम्ही वीस वर्षं तो माझ्यावर टाकलात. त्याचे आभार मी कधी मानलेच नाहीत."

पाथरवट पुढे बरा झाला, थोडा लंगडत का होईना. ढालकऱ्याचा हात मात्र पूर्वीसारखा वळला नाही. दुसऱ्या वर्षी तो बटवा घेऊन सर्वांत मागून गुहेत शिरला, आणि आनंदानं शिरला.

मुलांनो आणि मोठ्यांनो, ध्यानात असू द्या: आपलं काम जीव लावून करावं, पण वेळ आली की ते विश्वासानं दुसऱ्याच्या हाती द्यावं आणि पुढे पडलेलं काम आपण उचलावं.